मनाचा डॉक्टर कुठं मिळतो?

आपल्या होस्टेलवर पत्त्यांना तोटा नाही. सेकंडहँड ड्राफ्टर कुणाकडे आहे, रात्री दीड वाजता अंडाभुर्जी कुठल्या गाडीवर मिळते, प्रोजेक्टचं बायंडिंग तासाभरात कोण करून देतो, स्वस्तातला डेंटिस्ट कुठला, इतकंच काय, फुटबॉल खेळताना पाय मुरगळला तर कुठल्या हाडवैद्याकडे जायचं हेसुद्धा! विंगमध्ये उभं राहून नुसतं ओरडायचं, चार खोल्यांतून चार उत्तरं येतात. पण गेल्या वर्षी पीएलमध्ये मी एक पत्ता विचारला आणि अख्खी विंग चिडीचूप झाली. पत्ता हवा होता मनाच्या डॉक्टरचा.

झालं असं होतं. थिअरी ऑफ मशिन्सचा पेपर चार दिवसांवर आलेला. रात्री अडीचच्या सुमारास गव्हर्नरचं गणित सोडवत बसलो होतो आणि एकाएकी छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या, घशात गोळा, श्वास पुरेना. वाटलं, संपलं सगळं, हा हार्ट अटॅकच. पार्टनरने बनियनवरच बाइक काढली आणि मला कॅज्युअल्टीत नेऊन टाकलं. तिथं ईसीजी काढला. तो एकदम सरळ निघाला. म्हणजे सरळ रेघ नव्हे (तशी निघाली असती तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो), नॉर्मल निघाला.

ड्यूटीवरच्या डॉक्टर आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्या म्हणाल्या, "हार्ट ठणठणीत आहे. याला पॅनिक अटॅक म्हणतात. तू नाटक करत नाहीयेस, हे खरंच होतं. पण याने माणूस मरत नाही. सायकिअ‍ॅट्रीला दाखवून घे." आणि केसपेपरवर तसं लिहूनही दिलं. बाहेर आल्यावर पार्टनर हळूच म्हणाला, "भावा, म्हणजे वेड्यांचा डॉक्टर?"

पुढच्या पंधरा दिवसांत असे आणखी चार झटके आले. एक मेसच्या रांगेत, एक बसमध्ये स्वारगेटच्या सिग्नलला. एक झटका दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो, पण तो पुन्हा येईल ही धास्ती दिवसभर मानगुटीवर बसते. मग मेसची रांग टाळायची, बस टाळायची, दाराजवळची जागा धरून ठेवायची. दोन पेपर कसेबसे दिले, तिसऱ्याला तासाभरात उठून आलो. बॅग भरली होती. बार्शीला जायचं, बाबांच्या दुकानात बसायचं, इंजिनिअरिंग गेलं खड्ड्यात, इथपर्यंत ठरलं होतं. पार्टनरने बॅगेची चेन परत उघडली आणि म्हणाला, "आधी तो केसपेपर काढ."

तर शोध सुरू झाला. मोबाइलवर शोधलं की पुण्यात चाळीसेक नावं समोर येतात. सायकिअ‍ॅट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, थेरपिस्ट, कौन्सेलर, लाइफ कोच, माइंड ट्रेनर. आम्हाला सगळे एकच! मिक्सर दुरुस्त करणाराही इंजिनिअर आणि धरण बांधणाराही इंजिनिअर, तशातला प्रकार. त्यातलं सर्वांत जवळचं एक ठिकाण गाठलं. एका कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर गाळा, बाहेर फ्लेक्स : नैराश्य, भीती, विसरभोळेपणा, करिअर, विवाह, हमखास उपाय. आत ब्लेझर घातलेले एक गृहस्थ. त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी पॅकेज सांगितलं. तीन महिन्यांचे पंधरा हजार, आज भरले तर बारा. मी विचारलं, "सर, आपलं शिक्षण काय झालंय?" त्यांनी भिंतीकडे हात केला. भिंतीवर लॅमिनेट केलेली सात-आठ सर्टिफिकेटं. दोन दिवसांची कार्यशाळा, तीन दिवसांचं शिबिर, एक हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याचं. पार्टनर लातूरच्या व्यापाऱ्याचा पोरगा. तो ताडकन उठला. "घरी विचारून सांगतो," म्हणाला, आणि मला हाताला धरून बाहेर घेऊन आला.

शेवटी गेलो ते आपल्याच कॉलेजच्या कौन्सेलर मॅडमकडे. जिमखान्याशेजारची ती खोली सगळ्यांना माहीत आहे, पण तिथं जाताना आपण बॅडमिंटनची रॅकेट हातात धरतो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की खेळायला चाललाय! (मॅनेजमेंटला नम्र विनंती, ती खोली जरा आडोशाला हलवावी.) अशी खोली असणं ही आता कॉलेजची हौस राहिलेली नाही. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याचा निकाल देताना न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये देशभरातल्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमलाच पाहिजे, असं त्यात आहे.

मॅडमनी चाळीस मिनिटं माझं ऐकून घेतलं. मधे एकदाही "टेन्शन घेऊ नकोस" म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे बघ, मी एम.ए. कौन्सेलिंग केलंय. अभ्यासाचा ताण, घरची भांडणं, ब्रेकअप, हे सगळं मी बघते. पण तुला आठवड्याला दोन झटके येतायत आणि तू पेपर सोडून उठलायस. तुला आधी डॉक्टरांनी तपासायला हवं. नंतर माझ्याकडे जरूर ये." मला हे फार आवडलं. आपलं काम कुठं संपतं हे सांगणारा माणूस त्या पंधरा दिवसांत मला पहिल्यांदाच भेटत होता.

त्यांनी एका कोऱ्या ए-फोरवर मला सगळा गुंता सोडवून दिला. तो कागद मी जपून ठेवलाय. त्यातलं थोडं इथं देतो, कारण लायसन्सवाला कसा ओळखायचा हे आपल्याला कुठल्याच सेमला शिकवत नाहीत.

सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. हा आधी एम.बी.बी.एस. असतो आणि मग त्या विषयात एम.डी. किंवा डी.एन.बी. करतो, जुन्या डॉक्टरांच्या पाटीवर डी.पी.एम. दिसेल. महाराष्ट्रात त्याची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि नॅशनल मेडिकल कमिशनच्या नोंदवहीत नाव टाकून ती तपासता येते. गोळ्या लिहून द्यायच्या तर त्या यानेच.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही. तो तपासण्या करतो आणि थेरपी देतो. आजवरचा त्याचा रूढ रस्ता म्हणजे मानसशास्त्रात एम.ए. आणि त्यावर दोन वर्षांचं एम.फिल., तेही पेशंट बघत बघत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करायचं ठरवल्यामुळे पुढं पदव्यांची नावं बदलत जातील, पण नोंदणी चुकत नाही. ही नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, म्हणजे आर.सी.आय.कडे. १९९२ च्या कायद्याने चालणारी ही संस्था प्रत्येकाला एक नंबर देते. तो नंबर विचारायचा. खरा माणूस चिडत नाही, उलट सरळ सांगून टाकतो.

आणि तिसरा समुपदेशक, म्हणजे कौन्सेलर. इथं मामला जरा अवघड आहे. चांगले कौन्सेलर पुष्कळ आहेत, पण त्यांच्याकडे आर.सी.आय.चा नंबर असेलच असं नाही. २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला, त्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकही धरले आहेत. पण पाटीवर नुसतं 'थेरपिस्ट' लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून विचारायचं : पदव्युत्तर पदवी कुठल्या विषयात, कुठल्या विद्यापीठाची, प्रत्यक्ष काम कुणाच्या देखरेखीखाली शिकलात, आणि केस हाताबाहेर गेली तर कुणाकडे पाठवता? हा शेवटचा प्रश्न मॅडमनी दोनदा अधोरेखित केला होता. "मी कुणाकडेच पाठवत नाही, मीच सगळं बरं करतो," असं उत्तर आलं तर तिथून निघायचं.

याखेरीज २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकारांच्या कामाचे नर्स, सामाजिक कार्यकर्ते आणि आयुर्वेद-होमिओपॅथीत याच विषयाचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टरही धरले आहेत. मला त्यांच्याकडे जायची वेळ आली नाही, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पुढच्या मंगळवारी सायकिअ‍ॅट्रिस्टच्या वेटिंग रूममध्ये बसलो. पार्टनर बरोबर होताच. त्याला वाटलं होतं, तिथं साखळ्या बांधलेली माणसं असतील. तिथं होते एक रिटायर्ड काका पेपरातलं शब्दकोडं सोडवत, एक आयटीतलं जोडपं, नातीला घेऊन आलेली आजी आणि वर्दीतला एक हवालदार. पार्टनरचा जरा हिरमोडच झाला.

डॉक्टरांनी मन सोडून सगळं विचारलं, असं मला आधी वाटलं. झोप किती, दिवसाला चहा किती (अकरा कटिंग, हे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं), सिगरेट, दारू, घरात कुणाला थायरॉइड आहे का. थायरॉइड वाढलं तरी अशीच धडधड होते, म्हणून रक्त तपासायला पाठवलं. ते नॉर्मल आलं. मग थोड्या डोसची एक गोळी सुरू केली. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. सोबत थेरपीसाठी दोन क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नावं लिहून दिली.

घरी सांगायचं की नाही, हा मोठा प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, "तू वीस वर्षांचा आहेस. तुझ्या परवानगीशिवाय मी तुझ्या घरी काही सांगणार नाही. तो कायदाच आहे." खरंच आहे. २०१७ चा जो कायदा वर म्हटला, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम २३ मध्ये पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन आहे. जिवाला धोका वगैरे असेल तर अपवाद, बाकी नाही. मीच म्हणालो, बाबांशी बोला. बाबांचं एकच टुमणं, "गोळ्यांची सवय लागेल ना हो?" डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावलं की झोपेच्या गोळ्यांची लागते तशी सवय या गोळीची लागत नाही, पण सोडताना मात्र हळूहळू सोडायची. आईने फोनवर फक्त एवढंच विचारलं, "तिथं तुला कुणी रागावत नाही ना?" त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी गच्चीवर जाऊन बराच वेळ रडलो. असो.

थेरपीसाठी ज्या पहिल्या मॅडमकडे गेलो त्या हुशार होत्या, नोंदणी पक्की, वागणं चांगलं. पण सगळं संभाषण इंग्रजीत. आता आपण मेकॅनिकलचे पाच पेपर इंग्रजीत लिहितो हे खरं, पण 'कसंतरीच होतंय' हे इंग्रजीत कसं सांगायचं? 'जीव घाबरा होतो', 'काळजात धस्स होतं', 'पोटात कालवतं', 'उगीच रडू फुटतं' या चार वेगळ्या गोष्टी आहेत हो! मी प्रत्येक वेळी 'टेन्स' एवढंच म्हणायचो आणि ओरल दिल्यासारखा घाम पुसायचो. दुसऱ्या सेशनला मॅडमच म्हणाल्या, तू मराठीत बोलणाऱ्या माणसाकडे जा, तुला सोपं जाईल. यादीतलं दुसरं नाव कामाला आलं. या दुसऱ्या मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "जीव घाबरा होतो म्हणजे नेमका कुठं होतो? छातीत, घशात, का पोटात?" मला वाटलं, आता बोलता येईल.

मराठीत हे काम नवं नाही, हेही तेव्हाच कळलं. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली, त्यावर मराठीत पुस्तकं लिहिली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये आय.पी.एच. ही संस्था सुरू केली. म्हणजे आपल्या भाषेत मनाबद्दल बोलणारी माणसं आपल्या जन्माच्या आधीपासून आहेत.

थेरपीत नक्की काय करतात, हे मला सगळे खासगीत विचारतात. कोचावर झोपवत नाहीत, घड्याळाचा लंबकही हलवत नाहीत. मॅडमनी मला कागदावर माझा झटका काढायला सांगितला. मी आपला ब्लॉक डायग्राम काढला, सवय जाते कुठे! धडधड होते, त्यावर मन म्हणतं 'हार्ट अटॅक', मन घाबरलं की अ‍ॅड्रेनालिन सुटतं, त्याने धडधड आणखी वाढते, ती पुन्हा इनपुटला. "मॅडम, हा तर पॉझिटिव्ह फीडबॅक लूप आहे!" त्या हसल्या, म्हणाल्या, "मग कुठं तोडशील?" धडधड थांबवणं आपल्या हातात नाही. पण तिचा अर्थ काय लावायचा, तो ब्लॉक बदलता येतो.

आणि मग त्यांनी जे करायला लावलं ते ऐकून पार्टनर खुर्चीवरून पडायचा राहिला. मला त्यांनी बिल्डिंगचे तीन मजले पळत चढायला लावले, वर गेल्या गेल्या नाडी मोजायला लावली. मग फिरत्या खुर्चीत बसवून मिनिटभर गरगर फिरवलं. मग बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. ज्या ज्या गोष्टींना मी भीत होतो, धडधड, चक्कर, श्वास अडकणं, त्या सगळ्या मुद्दाम आणायच्या आणि बघायचं की काय होतं. (हृदय ठीक असल्याचं आधी डॉक्टरांनी तपासलं होतं म्हणून हे चाललं, कुणी परस्पर प्रयोग करू नये.) पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर मी भिंतीला टेकून थरथरत उभा होतो. नाडी १४२. मॅडम शेजारी उभ्या होत्या, काहीच बोलत नव्हत्या. सहा मिनिटांनी नाडी ९६ झाली, आपोआप, मी काहीही न करता. त्या सहा मिनिटांत माझं जे काम झालं ते चार महिने स्वतःला समजावून झालं नसतं. नंतर बस, मग मेसची रांग, मग परीक्षेचा हॉल, अशा पायऱ्या लावून एकेक करत गेलो. दोनदा मागेही आलो.

आता पैशाचं. एका सेशनचे बाराशे. विद्यार्थ्यांना सवलत असते का, हे विचारायला मला लाज वाटत होती. पार्टनरने विचारलं, सातशे झाले. महिन्याला दोन सेशन, म्हणजे मेसचं अर्धं बिल. सगळ्यांना हे परवडणार नाही, हे मला माहीत आहे. ससूनला मानसोपचार विभाग आहे, येरवड्याच्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग चालतो. तिथं नुसतं तपासून औषध घेऊन परत येता येतं, दाखलच व्हावं लागतं ही आपली सिनेमातली समजूत. पुण्याबाहेरच्यांसाठी, अशी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीलाही आहेत. सरकारी म्हटल्यावर रांग आलीच, पण रांगेत उभं राहायला आपल्याला कोण शिकवणार! आणि रात्री-अपरात्री काहीच सुचत नसेल, नको नको ते विचार येत असतील, तर १४४१६ हा नंबर. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मी एकदा पहाटे चारला फोन केलेला आहे. पलीकडच्या ताईंनी नाव विचारून घेतलं आणि म्हणाल्या, सावकाश सांगा, घाई नाही.

सध्याची परिस्थिती सांगतो. राहिलेल्या पेपरची केटी गेल्या महिन्यात दिली. हॉलमध्ये एक झटका आलाच. पेन खाली ठेवलं, लूप आठवला, सुपरवायझरकडे पाणी मागितलं, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच गव्हर्नरचं गणित सुरू केलं. केटी निघाली. गोळी अजून चालू आहे, सेशन महिन्यातून एकदाच. चहा चार कटिंगवर आणलाय, त्याच्या खाली येणार नाही.

परवा रात्री आपल्याच होस्टेलचा एक ज्युनियर खोलीत येऊन बसला. कोण ते सांगणार नाही. अर्धा तास क्रिकेटवर बोलला, मग म्हणाला, "दादा, तिथं गेल्यावर पहिलं काय विचारतात?" मी सांगितलं, नाव, वय आणि झोप. झोपेचं खोटं सांगू नको, बाकी काही जमलं नाही तरी चालेल. शनिवारी साडेअकराची वेळ मिळाली आहे. बाइक पार्टनरची, पेट्रोल माझं.